जिलबीसाठी स्थळ

थेरगाव, ९ जानेवारी

चि. विजू,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. हैदराबादचा पत्ता आईकडे मागितला, तर तिनं तो गॅसच्या पावतीमागे लिहून माझ्यापुढे सरकवला आणि आत निघून गेली. थोडक्यात, तुझ्या रुसव्याची एक शाखा इथे थेरगावातही उघडली आहे.

आधी चांगली बातमी ऐक. जिलबी सुखात आहे. चाकणच्या रस्त्यावर तिचा पाय ट्रेलरखाली गेला, तुमच्या भटकी कुत्री वाचवणाऱ्या ग्रुपनं ऑपरेशन करून घेतलं आणि तू तिला आमच्याकडे आणून सोडलीस. तेव्हा मी कपाळाला आठ्या घातल्या होत्या हे खरं. पण आता तिला असं घर मिळवून दिलंय की तुमच्या एकाही कुत्र्याला मिळालं नसेल. चाकणच्या पुढे दादासाहेबांचा बंगला आहे. त्यांच्या जमिनीवर कंपन्या आल्या, पण माणूस मातीतलाच राहिला. त्यांच्या पुतण्याचं लग्न मीच जमवलं होतं, तुला आठवत असेल. मी घर बघायला गेलो तर अंगणात सतरंजी, पोहे, वर शिरा आणि निघताना फेटा नि नारळ! कुत्रीच्या सोयरिकीत फेटा बांधून घेणारा मी पुणे जिल्ह्यात पहिलाच असेन. दादासाहेब म्हणाले, "आण्णा, तुमी दिली म्हंजी खात्रीचीच आसंल. आमी काय इचारत न्हाई." कंपनीच्या स्टोअरमधून रिटायर झाल्यावर मी वधूवर मेळाव्यांत जो घसा कोरडा केला, त्याचं हे फळ. मोकळी जागा म्हणशील तर नजर पोचणार नाही एवढी.

आता तुझ्या रागाचं. फिरतीवर हैदराबादला जाताना तू बजावलं होतंस, "अण्णा, दोन घरं आहेत. तुम्ही आणि आमच्या ग्रुपची पूनम बघा, पण ठरवू नका. ठरवणार मी." मी ठरवून मोकळा झालो. कबूल. पण दुसरं स्थळ कुठलं, तर तळवड्याची ती सोनल. बाई वाईट नाही. दोनदा आली, येताना घरून चादर घेऊन आली, आणि जिलबीला हातही न लावता फरशीवर नुसती बसून राहिली. जिलबी तिच्याशेजारी झोपूनही गेली. पण घरात दुसरं माणूस नाही. ती गेल्यावर मी पूनमजवळ म्हणालो, "एकट्या बाईचं घर, त्याला काय घर म्हणायचं?" तू पूनमच्या फोनवर होतीस आणि ते तू ऐकलंस. मला ठाऊक असतं तर मी असं बोललो असतो का? पूनमनं सांगायला हवं होतं. हल्लीच्या फोनवर कोण कधी ऐकत असतं, आमच्यासारख्यांना काय कळणार?

आणि ते तुझ्याबद्दल नव्हतं. तू तळवड्यात फ्लॅट घेतलास तेव्हा वास्तुशांतीला गुरुजी मीच आणले होते. तुझी गोष्ट वेगळी. तुला आम्ही आहोत.

राग उतरला की फोन कर. आई बोलत नाही त्याचंही जरा बघ. चहा मिळतो, पण कप असा आपटते की अर्धा बशीत येतो.

तुझे अण्णा


थेरगाव, २० जानेवारी

चि. विजू,

संक्रांत गेली. तुला तिळगूळ पाठवायला निघालो तर आई म्हणाली, "मी पाठवलाय. तुमचा तुम्ही पाठवा." दोन पुड्या हैदराबादला जाऊन काय भांडतील, म्हणून मी थांबलो.

एक गोष्ट पूनमकडून तुझ्या कानावर जाईल, त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक. तुमच्या ग्रुपचा नियम आहे म्हणे, नव्या घरानं कुत्र्याचा फोटो पाठवत राहायचा. दादासाहेबांकडून काही येईना. पूनम रोज विचारायची. मग मी माझ्या फोनमधला एक फोटो पाठवला. जिलबी उन्हात गोल होऊन झोपलेली, छान आला होता. पूनमनं लगेच फोन केला, "अण्णा, ही तर तुमच्या बाल्कनीतली फरशी." मी म्हणालो, "दादासाहेबांकडे पण अशीच फरशी आहे." तुझ्या वयाच्या मुलीपुढे मी धडधडीत खोटं बोललो आणि तिनं मला वयाकडे बघून सोडून दिलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या फरशीकडेच बघत बसलो.

बंगल्याचंही थोडं सांगतो. जिलबी बंगल्यात नसते. रस्त्यापलीकडे त्यांचं मोठं आवार आहे, गाड्या लागतात, तिथे असते. त्यांना राखणीला कुत्रं हवं होतं. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी काही लपवलं नाही. लपवलं ते मी, तुझ्यापासून.

आणि त्यांच्यापासूनही. कचऱ्याची गाडी गल्लीत येऊन थांबली, ब्रेकची हवा सुटली, की जिलबी आमच्या पलंगाखाली जाऊन बसायची ती आईनं ओढून काढेपर्यंत. तू मला स्पष्ट सांगितलं होतंस की बघायला येईल त्याला ही भीती आधी सांगायची. मी दादासाहेबांना सांगितली नाही.

तुला हे पटणार नाही, पण मी इतकी लग्नं जमवली ती दोन्हीकडचं थोडं थोडं झाकूनच. मुलाची तंबाखू असते, मुलीचा तापट स्वभाव असतो. सगळं पहिल्याच बैठकीत ताटात वाढलं तर कुणाचंच लग्न व्हायचं नाही. एकदा संसार सुरू झाला की माणसं निभावून नेतात. नारळ फुटेपर्यंत मध्यस्थानं हसतमुख राहायचं असतं. सवय आहे ती, विजू. वाईट हेतू नव्हता.

जिलबीही निभावून नेईल असं मला वाटलं.

अण्णा


थेरगाव, २७ जानेवारी

विजू,

काल मी चाकणला जाऊन आलो. आईला सांगितलं, झेंडावंदनाला चाललोय.

मागच्या पत्रात मी "गाड्या लागतात" असं लिहिलं. ट्रेलर लागतात. नव्या मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, एकाला एक लागून. आणि हे मी काल पहिल्यांदा पाहिलं असंही नाही. फेटा बांधला त्याच दिवशी दादासाहेबांनी मला तिथे नेलं होतं. म्हणाले, "हितं ठिवायची हाय. डिझेल चोरत्यात लोकं, कुत्रं आसलं का बरं." जिचा पाय ट्रेलरखाली गेला तिला ट्रेलरच्याच राखणीला द्यायचं, हे माझ्या मनात आलं नाही असं समजू नकोस. आलं. लख्ख आलं. पण डोक्याला फेटा होता, चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी म्हणालो, "एकदम तयार कुत्री आहे. कशालाच भीत नाही."

काल ती गेटजवळच्या खांबाला बांधलेली होती. भोवती फिरून फिरून साखळी खांबालाच गुंडाळली गेली होती आणि तिला मान धड वर करता येत नव्हती. गळ्यावरचे केस गेलेत. मला बघून तिनं शेपूट हलवली. चावली असती तर बरं झालं असतं गं. एवढ्यात एक ट्रेलर आत आला, ब्रेकची हवा सुटली, आणि ती उभ्या जागी मुतली. मग खांबामागे तोंड लपवून कापत राहिली. तो ड्रायव्हर खिडकीतून मलाच म्हणाला, "काका, तिला आत घ्या की. रोजचं आहे हे."

दादासाहेबांची आई, ठकुबाई, भाकरी घेऊन आली. म्हातारी वाकलेली, पण नजर अजून तीक्ष्ण. मला म्हणाली, "भुकत न्हाई ओ ती. गाडी आली का नुसती मुतती. माझ्या हातनं खाती तेवढंच. न्या की तिला माघारी. तुमची चूक झाली आसंल."

म्हातारीनं मला सरळ वाट काढून दिली होती. मी नुसतं "हो" म्हणायचं होतं. तेवढ्यात दादासाहेब आले. माझ्यासाठी खुर्ची मागवली, चहा मागवला. झेंडावंदनाहून आलेले गावातले लोक बरोबर होते. दादासाहेबांनी त्यांना ओळख करून दिली, "ह्ये आपलं चिमाजीआण्णा. ह्यांनी जमीवल्यालं कधी मोडलं न्हाई." सगळ्यांनी मान डोलावली. मी चहा प्यालो. म्हणालो, "रुळेल हळूहळू." आणि उठलो. जिलबी माझ्यामागे आली, साखळीनं येऊ दिली तेवढी आली. मी मागे वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर आईनं बऱ्याच दिवसांनी आपणहून विचारलं, "झालं का झेंडावंदन?" मी म्हणालो, "छान झालं."

मला माझी लाज वाटते आहे, विजू. अशी लाज मला कधी वाटली नव्हती, कारण आजवर माझी चूक मला कुणीतरी दुसरं दाखवायचं आणि मी त्याच्याशी भांडायचो. काल भांडावं असं समोर कुणी नव्हतं. मी बघितलं, मला कळलं, आणि चार माणसांत माझा शब्द खाली पडू नये म्हणून मी तिला तिथेच सोडून आलो.

पूनमला हे सांगू नकोस. का सांगू नकोस ते मलाही नीट सांगता येणार नाही.

अण्णा


थेरगाव, ५ फेब्रुवारी

विजू,

तुझं उत्तर आलं, तेही आईच्या फोनवर. "अण्णांना सांग, आधी तिला घेऊन या. मग काय लिहायचं ते लिहा." आईनं चष्मा लावून मला ते दोनदा वाचून दाखवलं आणि विचारलं, "का आणायचंय?"

मग तिला सगळं सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर उठली, साडी बदलली, पायांत चपला घातल्या आणि दारात उभी राहिली. मी म्हणालो, "आधी फोन करून वेळ घेतो, बरं दिसत नाही." ती म्हणाली, "काय बरं दिसतंय आता?" रिक्षात बसल्यापासून उतरेपर्यंत ती बाहेर बघत होती. मी कपाटातला तो फेटा पिशवीत घालून बरोबर घेतला होता.

दादासाहेब ओसरीवरच होते. कारण ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. "आण्णा, एकदा दिल्याली माघारी नेत्यात व्हय? लोकं काय म्हंत्याल? आमच्याकडं काय कमी पडलं?" आणि विजू, तुझा बाप तेव्हाही सुधारला नाही. मी म्हणालो, "नाही हो, पायाचं जरा डॉक्टरांना दाखवायचंय, चार दिवसांनी आणून सोडतो." असं खोटं माझ्या तोंडून लाळ गळावी तसं गळतं. आई म्हणाली, "डॉक्टर नाही नि फॉक्टर नाही. खरं काय ते बोला."

मी बोललो. म्हणालो, "दादासाहेब, हिचा पाय ट्रेलरखालीच गेलाय. तिला त्या आवाजाची भीती आहे हे मला माहीत होतं. तुम्हाला मी सांगितलं नाही. मुलीला तिकडे सांगितलं नाही की तिला आवारात बांधणार. दोघांनाही फसवलं."

मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी रस्त्यापलीकडच्या आवाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "ह्ये मला पैल्या दिशी बोलला असता तर मी दुसरं कुत्रं बघितलं नसतं व्हय? मी काय कसाई हाय का? माझी आय रोज मला म्हंती, ते जनावर भितंय, सोड त्याला. मी म्हंतो, आण्णांनी दिलीया, रुळंल. माझ्या आयचं ऐकलं न्हाई मी, तुमचं ऐकलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी इतके दिवस मनातल्या मनात सगळं त्यांच्यावर ढकलत होतो. श्रीमंत माणूस, त्याला जनावराचं काय, असं. त्यांनी माझा शब्द खरा मानला, एवढाच त्यांचा गुन्हा.

मी पिशवीतून फेटा काढला. त्यांनी हात लावला नाही. "फेटा माघारी घ्यायची आमच्यात पद्धत न्हाई. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. बघितला का आठवंल." ते रागानं म्हणाले नाहीत, म्हणूनच जास्त लागलं.

साखळी ठकुबाईनं सोडली. या वेळी मला बघून जिलबीनं शेपूट हलवली नाही. मी हाक मारली तर ती म्हातारीच्या लुगड्यामागे गेली. शेवटी ठकुबाईच तिच्या पुढे पुढे चालत रिक्षापर्यंत आली, आईजवळ तिला चढवलं आणि आईला म्हणाली, "बाई, हिला आता दारात नगा बांधू कुणाच्या." आईनं तिचे हात हातात घेतले. दोघी रडल्या. मी रिक्षावाल्याशेजारी बसलो, कारण मागे माझ्या बाजूला जिलबी सरकून बसायला तयार नव्हती.

तू म्हणाली होतीस, आधी आणा, मग लिहा. आणली. म्हणून लिहितोय.

अण्णा


थेरगाव, १६ फेब्रुवारी

विजू,

जिलबीच्या गळ्याची जखम भरत आली आहे. पूनम येऊन औषध देऊन गेली. तिला मी फोटोचंही खरं सांगितलं. ती म्हणाली, "अण्णा, मला तेव्हाच कळलं होतं." ठाऊक असूनही तिनं मला लाज राखायला जागा दिली, आणि मी ती फुकट घालवली.

परवा मी तळवड्याला सोनलकडे गेलो. मला वाटलं होतं, हात जोडीन, चुकलं म्हणेन, आणि जिलबी तिच्या हक्काच्या घरी जाईल. मी जमवायला निघालो की जमतंच, हा माज अजून अंगात होताच. दार उघडलं तर आतून एक म्हातारा, एका डोळ्यानं अधू काळा कुत्रा भुंकत आला. देहूरोडला कुणीतरी घर बदलताना सोडून दिलेला. सोनलनं त्याला महिन्याभरापूर्वी आणला आणि त्याला दुसरं कुत्रं समोर चालत नाही.

तिनं मला बसवलं, पाणी दिलं. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, तुम्ही नाही म्हणालात याचं मला काही नाही. तो तुमचा अधिकार होता. पण तुम्ही नाही म्हणालातच नाही. मी वाट बघत राहिले. रोज ऑफिसमधून येताना वाटायचं, आज फोन येईल. तिच्यासाठी गादी शिवून घेतली होती. शेवटी पूनमला विचारलं तेव्हा कळलं की ती गेलीसुद्धा." मी विचारलं, "गादी?" त्या काळ्याकडे बघून ती हसली. "यानं पहिल्याच दिवशी फाडली."

मुलीकडच्यांना दोन ओळींचा नकार कळवायला विसरणाऱ्या वरपक्षाला मी मेळाव्यात माईकवरून झापतो, तू ऐकलंयस. सोनलला कळवायला मी विसरलो नव्हतो. एकट्या बाईला काय कळवायचं, असंच मला वाटलं होतं. तिच्यामागे विचारायला येणारं कुणी नव्हतं ना.

आणि घर म्हणशील, तर मी तिथे बसून बघत होतो. दाराशी कुत्र्याचे पाय पुसायचं फडकं. खिडकीपाशी त्याला बाहेरचं दिसावं म्हणून ठेवलेला बुटका स्टूल. त्याची औषधं कधी द्यायची ते फ्रिजवर चिकटवलेलं. घर कशाला म्हणतात हे मला नव्यानं शिकायला लागलं, तेही माझ्यावर रागवायचा पूर्ण हक्क असलेल्या बाईकडून. ती रागावलीसुद्धा नाही.

तिथून बाहेर पडलो आणि पाय आपोआप तुझ्या सोसायटीकडे वळले. वॉचमननं विचारलं, "कोणाकडे?" वास्तुशांतीपासून मी लोकांना सांगत आलो, "मुलगी सध्या तळवड्याला फ्लॅटवर राहते." जणू लॉजवर उतरली आहेस आणि एक दिवस खऱ्या घरी जाणार आहेस. वॉचमनला म्हणालो, "माझ्या मुलीच्या घरी." तो म्हणाला, "मॅडम नाहीत, हैदराबादला आहेत." म्हटलं, "माहीत आहे. नुसतं दार बघून येतो." वेडा म्हातारा समजून त्यानं सोडलं.

तुझ्या दारावरची पाटी मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. विजयश्री चिमाजी विरकर. तू स्वतःच्या पैशानं घेतलेल्या घराच्या दारावर मधोमध माझं नाव लावून ठेवलंयस, आणि मी त्या घराला घर म्हणत नव्हतो. मी जिन्यात बसलो, विजू. वरच्या मजल्यावरची एक बाई विचारून गेली की बरं वाटत नाही का.

आता शेवटचं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू पूनमच्या फोनवर आहेस हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं. तू "अण्णा आहेत का तिथे?" असं विचारलेलं मी ऐकलं होतं. ते वाक्य सोनलबद्दल नव्हतंच. तू लग्नाला नाही म्हणतेस, घर घेतलंस तेही मला विचारून नव्हे, सांगून. त्याचा राग मी मनात धरून होतो, आणि तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. म्हणून एका परक्या बाईच्या आडून ते तुला ऐकवलं. त्यात ती बाई ताटकळली आणि एक मुकं जनावर साखळीला लागलं.

जिलबीला अजून घर नाही. पूनम म्हणाली, नवं स्थळ शोधू. आईनं पदर खोचला आणि म्हणाली, "ती कुठेही जाणार नाही." मी दोघींना सांगितलं, ठरवणार विजू. तू मार्चमध्ये परत येशील तेव्हा तुझ्या घरी ठेवायची म्हणालीस तर मी स्वतः तिला तुझ्या घरी आणून सोडीन. पण तुझी फिरती असते हे तूच म्हणतेस. म्हणून या पत्रानं आमचंही स्थळ तुझ्यापुढे ठेवतो. मध्यस्थ कुणी नाही, आणि या वेळी काहीच झाकत नाही.

घरात दोन माणसं आहेत. बाई उत्तम आहे. कुत्री तिच्या पायाशी झोपते, तिच्याच हातचं खाते. कचऱ्याची गाडी यायच्या वेळी बाई दार-खिडक्या लावून टीव्ही मोठा करते आणि तिच्याजवळ जमिनीवर बसते. पुरुषाचं मात्र ऐकून घे. मानपानाचा हावरा आहे. शब्द मोडू नये म्हणून दुसऱ्याचा जीव टांगेल. चारचौघांत खरं बोलायला त्याला बायको बरोबर लागते. सत्तरीला टेकलाय आणि स्वतःच्या मुलीशी सरळ बोलायला शिकलेला नाही. कुत्री त्याला भिते. तो आत आला की ती पलंगाखाली जाते. तो हल्ली खुर्चीवर न बसता फरशीवर बसून पेपर वाचतो, कारण खुर्ची सरकवली की ती आणखी आत जाते. काल पेपर वाचून होईपर्यंत तिचं नाक पलंगाबाहेर आलं होतं. त्यानं पेपर पुन्हा पहिल्यापासून वाचला.

तुला हवं ते विचार. घर बघायला पूनमला पाठव, नाहीतर कुणा अनोळखी माणसाला पाठव. तुझा बाप आहे म्हणून सवलत देऊ नकोस.

आणि नकार द्यावासा वाटला तर तो आईच्या फोनवर पाठवू नकोस, पत्रही लिहू नकोस. मला फोन करून दे. नकार ऐकायला का होईना, मला तुझा आवाज ऐकायचा आहे.

अण्णा